घरातली गिटार आणि शेजाऱ्याची झोप



आजच्या भाषणाचा विषय ऐकून काहींना नवल वाटेल. शेतीभाती, पाऊसपाणी, आरोग्य आणि शाळा यांच्या रांगेत हा गिटारीचा अँप्लिफायर कुठून आला, असे कोणी विचारील. पण जरा आजूबाजूला पाहा. तालुक्याच्या गावी, आणि आता लहान गावांतही, एखाद्या घरात खुंटीला गिटार टांगलेली दिसते. मुले मोबाईलवर पाहून पाहून शिकतात. पहिली गिटार साधी असते, पोकळ लाकडी पेटीची. वर्ष-दोन वर्षे गेली, बोटे वळू लागली, की मुलगा किंवा मुलगी विजेची गिटार मागते. ती घरात आली की पाठोपाठ प्रश्न येतो, हिच्यासाठी अँप्लिफायर कोणता घ्यायचा?

आणि इथेच गाडे अडते. भलताच अँप्लिफायर घरात आला की पहिल्या आठवड्यात आजोबा वैतागतात, दुसऱ्या आठवड्यात शेजारी दारात येऊन उभे राहतात, आणि महिन्याभरात गिटार कपाटावर जाते. पैसे गेले ते गेलेच. पण मुलाचा रियाज सुटला, हे नुकसान त्याहून मोठे. म्हणून आज घरात, हळू आवाजात रियाज करण्यासाठी अँप्लिफायर कसा निवडावा, एवढ्यापुरतेच बोलू. कोणत्या दुकानाची वा कंपनीची शिफारस मी करणार नाही. खुणा सांगेन, त्यावरून तुम्ही ओळखा.

प्रथम हे वाद्य समजून घेऊ. साध्या गिटारीला पोकळ पेटी असते. तार छेडली की पेटी घुमते, जसा तंबोऱ्याचा भोपळा घुमतो. विजेच्या गिटारीला बहुधा अशी पेटी नसते. ती असते भरीव लाकडाची. तारांच्या खाली लोहचुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे बसवलेले असते. त्याला पिकप म्हणतात. पोलादी तार कंप पावली की त्या वेटोळ्यात अगदी क्षीण वीज निर्माण होते. ती वीज वाढवून कर्ण्यापर्यंत, म्हणजे स्पीकरपर्यंत पोचवायची, हे अँप्लिफायरचे काम. तेव्हा अँप्लिफायर हा गिटारीचा दागिना नव्हे, तो तिचा अर्धा देह आहे.

ही युक्ती निघाली अमेरिकेत. लॉस एंजेलिस शहरात जॉर्ज बोशँप आणि अडॉल्फ रिकनबॅकर यांनी १९३२ साली अशी गिटार विकायला काढली. ती मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन गिटार होती. तिचा आवाज आपल्याकडच्या जुन्या श्रोत्यांना मुळीच परका नाही. व्हॅन शिप्ले आणि हजारा सिंग यांनी विजेच्या गिटारीवर वाजवलेल्या सिनेगीतांच्या चाली रेडिओवर कितीतरी जणांनी ऐकल्या असतील.

त्या काळी अडचण काय होती? नाचगाण्याच्या मोठ्या वाद्यवृंदात ढोल आणि पितळी वाद्ये यांच्यापुढे बिचारी गिटार ऐकूच येत नसे. म्हणून अँप्लिफायर जन्मला तोच मुळी आवाज मोठा करण्यासाठी. पुढे सभागृहे वाढली, गर्दी वाढली. लंडनमध्ये ढोलाचे दुकान चालवणाऱ्या जिम मार्शल यांनी १९६२ साली अँप्लिफायर बनवायला सुरुवात केली. 'द हू' या वाद्यवृंदातील वादकांना आणखी मोठा आवाज हवा झाला, तेव्हा १९६५ च्या सुमारास त्यांच्यासाठी १०० वॅटचे यंत्र तयार झाले. गायकाच्या आवाजासाठी सभागृहात ध्वनिक्षेपक असे. गिटारीचा आवाज मात्र थेट तिच्या अँप्लिफायरमधूनच शेवटच्या रांगेपर्यंत पोचवावा लागे. गरज खरी होती. पण ती गरज हजारोंच्या सभेची होती, दोन खणांच्या घराची नव्हे. आणि आजही दुकानात जी मोठी, देखणी यंत्रे मांडलेली असतात, ती त्या सभेसाठी बनलेल्या यंत्रांचीच वंशज आहेत.

आता वॅटचा हिशेब पाहू. गुरुजींनी हा भाग वर्गात सांगावा असा आहे. पुष्कळ लोकांची समजूत अशी की ५० वॅटचा अँप्लिफायर मोठ्याने वाजतो, म्हणून २५ वॅटचा घेतला की आवाज निम्मा होईल. तसे होत नाही. आवाज डेसिबल या मापाने मोजतात. वॅट निम्मे केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने उतरतो. कानाला तो फरक जेमतेम कळतो. कानाला आवाज निम्मा वाटावा असे हवे असेल, तर वॅट निम्मे करून भागत नाही, सुमारे एक दशांश करावे लागतात.

दुसरी गोष्ट अशी की गिटारीचे बारा इंची स्पीकर फार तरबेज असतात. त्यांतल्या अनेकांना अवघा एक वॅट दिला तरी एक मीटरवर सुमारे १०० डेसिबल आवाज निघतो. दोन माणसे घरात बोलतात तो आवाज असतो ६० डेसिबलच्या आसपास. म्हणजे एक वॅट हासुद्धा घरासाठी फार झाला. आपल्याला हवा तो ६५-७० डेसिबलचा आवाज अशा स्पीकरमधून निघायला एका वॅटचा हजारावा भाग पुरतो. मग त्या ५० वॅटचे घरात करायचे काय? पाच अश्वशक्तीचा पंप लावून तुळशीवृंदावनाला पाणी घालण्यासारखेच ते. पाणी तर पडेल, पण तुळस राहील का?

यावर कोणी म्हणेल, मोठाच घेऊ आणि आवाजाचे बटण अगदी कमी ठेवू. पुढे कार्यक्रमात उपयोगी पडेल. विचार काटकसरीचा आहे, पण त्यात दोन अडचणी आहेत. पहिली बटणाची. मोठ्या यंत्राचे बटण शून्यावर असले तर सारे चिडीचूप, आणि केसभर फिरवले की एकदम भांडी खणखणतात. मधली जागाच सापडत नाही.

दुसरी अडचण नादाची. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओसारखे व्हॉल्व्हचे अँप्लिफायर असतात. त्यांचा नाद गोड, भरदार, हे खरे. पण तो गोडवा व्हॉल्व्हवर भार पडल्यावर खुलतो. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी लावली की सुराला जशी झणझणीत धार येते, तशी काहीशी धार या यंत्राला जोर लावल्यावर येते. आवाज अगदी हळू ठेवला की बहुतेक वेळा ती धार जाते आणि उरतो निर्जीव, पातळ सूर. १५ वॅटचा व्हॉल्व्ह अँप्लिफायर कागदावर लहान दिसतो, पण पूर्ण जोर लावला तर तो ढोलवाल्याच्या बरोबरीने वाजू शकतो. व्हॉल्व्हचाच हट्ट असेल तर एका वॅटपर्यंत किंवा त्याहून खाली उतरवण्याची सोय असलेला पाहावा. आणि एक वॅट म्हणजे काय, ते आपण आताच पाहिले.

मग घरासाठी काय योग्य? आज तीन प्रकार विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला, मेजावर ठेवण्याचा लहान अँप्लिफायर. यात संगणकाच्या तंत्राने निरनिराळ्या मोठ्या यंत्रांच्या नादाची नक्कल केलेली असते. जोर न लावताही ती धार मिळते, कारण धार व्हॉल्व्हवरच्या भारातून नव्हे, गणितातून येते. हळू आवाजासाठी हाच प्रकार बहुतेक घरांना सोयीचा. दुसरा, बॅटरीवर चालणारा हाताएवढा अँप्लिफायर. नाद थोडा किरकोळ, पण वीज गेली तरी रियाज थांबत नाही. तिसरा, आगपेटीपेक्षा थोडा मोठा असा यंत्राचा तुकडा. तो गिटारीलाच खोचायचा आणि हेडफोन लावून ऐकायचे. यात स्पीकरच नाही. ज्या घरात एकाच खोलीत म्हातारी माणसे झोपतात आणि लहान भाऊ अभ्यास करतो, तिथे हा उपकारक.

दुकानात गेलात की परीक्षा कशी करायची, ते आता सांगतो. विक्रेता बहुधा आवाज चढवून दाखवील. मोठा आवाज कानाला नेहमीच भरदार वाटतो. त्याला शास्त्रीय कारण आहे. १९३३ साली अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी दाखवून दिले की आवाज हळू झाला की आपला कान खर्जाचे सूर फार कमी ऐकतो. म्हणून जे यंत्र दुकानात गडगडते, ते घरी आणून हळू लावले की पिचके वाटते. तेव्हा विक्रेत्याला नम्रपणे सांगावे, "दादा, आवाज कमी करा. आणखी कमी करा." मग बरोबर आलेल्या माणसाशी नेहमीच्या आवाजात बोलावे. आवाज न चढवता बोलणे झाले पाहिजे, आणि त्याच वेळी गिटारीचा प्रत्येक सूर स्पष्ट कळला पाहिजे. या परीक्षेला जे यंत्र उतरेल ते घरचे. बटण हळूहळू फिरवून आवाज सारखा चढतो की उडी मारतो, तेही पाहावे. आणि तारा हाताने दाबून गप्प केल्या असता स्पीकरमधून 'सूं' किंवा 'घूं' असा आवाज किती येतो, तेही ऐकावे. मोठ्या वादनात तो झाकला जातो, हळू रियाजात तोच छळतो.

हेडफोनची जागा आहे की नाही, हे पाहायला विसरू नका. हेडफोन खोचताच स्पीकर बंद झाला पाहिजे. काही यंत्रांत ती जागा जाड पिनेची, पाव इंचाची असते, काहींत मोबाईलसारखी बारीक. त्याप्रमाणे जोडपीन घ्यावी लागते. आणि गिटार ऐकण्यासाठी हेडफोन वायरचाच घ्यावा. नेहमीच्या ब्लूटूथच्या बिनवायरी हेडफोनमध्ये तार छेडल्यावर सूर किंचित उशिरा कानावर येतो. गाणे ऐकताना तो उशीर कळत नाही, वाजवताना मात्र ताल पार मोडतो. मोबाईलवरचे गाणे अँप्लिफायरमध्ये सोडून त्याच्या साथीला वाजवायचे असेल, तर तिथे ब्लूटूथ उत्तम चालते.

हेडफोनने शेजाऱ्याची झोप वाचते, पण आपल्याच मुलाचा कान धोक्यात येऊ शकतो. अमेरिकेतील कामगार-आरोग्य संस्थेचा ठोकताळा असा आहे की ८५ डेसिबल आवाज दिवसाला आठ तास, आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक तास. १०० डेसिबलला उरतात फक्त पंधरा मिनिटे. मोठ्या आवाजाने कानाच्या आतल्या सूक्ष्म केसांसारख्या पेशी मेल्या की त्या पुन्हा उगवत नाहीत. पीक जळाले तर पुढच्या हंगामात पुन्हा पेरता येते, इथे दुसरा हंगाम नाही. म्हणून आईवडिलांनी साधा नियम ठेवावा. मुलाने हेडफोन लावलेला असताना हातभर अंतरावरून आपण नेहमीच्या आवाजात हाक मारली आणि त्याला ती ऐकू आली नाही, तर आवाज कमी करायला सांगावा. पाऊण तासाने दहा मिनिटे कानाला विश्रांती द्यावी. रियाजानंतर कानात 'कुईं' वाजत राहिले, तर आवाज फार होता हे नक्की समजावे.

आता विजेबद्दल थोडे, आणि हे जास्त लक्ष देऊन ऐका. गिटारीच्या पोलादी तारा वायरमधून अँप्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात. वाजवणाऱ्याचे हात त्या तारांवर असतात. म्हणजे अँप्लिफायरमध्ये दोष निर्माण झाला आणि घराला अर्थिंग नसले, तर तो दोष थेट हातात येऊ शकतो. १९७२ साली वेल्समधील स्वॉन्सी या गावी लेस हार्वी नावाच्या वादकाचा भर कार्यक्रमात मृत्यू झाला. गिटार हातात असताना त्याने अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला स्पर्श केला होता. म्हणून तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन कधीही कापू नका, आणि तिसऱ्या भोकाला अर्थिंगची तार खरोखर जोडलेली आहे का, ते जाणत्या वायरमनकडून तपासून घ्या. अर्थिंगची खात्री नसेल तर बॅटरीवरचा अँप्लिफायर घ्यावा, आणि चार्ज होत असताना तो वाजवू नये. परदेशातल्या नातेवाइकाने पाठवलेले यंत्र असेल तर पाठीमागची पट्टी वाचावी. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची, आपल्याकडे २३० ची. तिकडचे यंत्र इथे सरळ लावले तर पहिल्याच दिवशी धूर निघेल. आणि व्हॉल्व्हच्या यंत्राचे झाकण घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही आत प्राणघातक वीज साठून राहिलेली असू शकते.

यंत्र घरी आले. ते ठेवायचे कुठे? बहुतेक जण जमिनीवर ठेवतात. मग आवाज जातो पायांच्या पोटऱ्यांकडे. गिटारीच्या स्पीकरचा तीव्र, स्पष्ट भाग सरळ समोर जातो, आजूबाजूला फारसा पसरत नाही. वाजवणाऱ्याला नीट ऐकू येत नाही, म्हणून तो बटण चढवतो. खालच्या मजल्यावरच्या किंवा भिंतीपलीकडच्या माणसाला मात्र खर्जाचा धडधडाट ऐकू येत राहतो, कारण खर्जाचे सूर भिंती आणि जमीन यांतून सहज पार होतात. तेव्हा यंत्र खुर्चीवर किंवा स्टुलावर ठेवावे, खाली जुनी गोधडी चौघडी करून घालावी, आणि स्पीकरचे तोंड आपल्या कानाकडे वळवावे. एवढ्याने बटण पुष्कळ खाली आणता येते. भिंतीला आणि कोपऱ्याला लावून ठेवले तर खर्ज वाढतो. यंत्र लहान असेल तर दिवसा त्याचा फायदा घ्यावा, पण रात्री ते भिंतीपासून दूर ओढावे आणि खर्जाचे बटण उतरवावे.

कायद्याचीही थोडी माहिती असू द्यावी. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे राहत्या वस्तीसाठी आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्र म्हणजे रात्री दहा ते सकाळी सहा. पण शेजारधर्म कायद्याच्या आधीचा. शेजारी आजारी असेल, त्यांच्या मुलीची परीक्षा असेल, तर आपण होऊन विचारावे, "काकू, संध्याकाळी सात ते आठ वाजवले तर चालेल ना?" एका प्रश्नाने जे साधते, ते महागड्या यंत्राने साधत नाही.

काही जण विचारतात, अँप्लिफायर न लावताच विजेची गिटार वाजवली तर? बोटांच्या कवायतीसाठी काही हरकत नाही. रात्री उशिरा तर तेच बरे. पण नेहमी तसे करू नये. भरीव गिटारीचा आवाज इतका बारीक असतो की चुका लपतात. नको असलेली शेजारची तार वाजली, बोट उचलताना तार खरडली, हे ऐकूच येत नाही. शिवाय ऐकू यावे म्हणून मुले नखी जोराने मारू लागतात आणि हात जड होतो. अँप्लिफायर थोडासा लावला की प्रत्येक दोष दिसतो. या अर्थाने तो मास्तर आहे. नादाला फार धार लावली की त्या गर्दीतही चुका लपतात. म्हणून शिक्षकांनी सांगावे की रियाजाचा पहिला अर्धा वेळ स्वच्छ नादावर, मग हौसेसाठी हवी तेवढी धार.

हळू वाजवणे म्हणजे मन मारून वाजवणे, असेही मुलांना वाटू देऊ नये. आपल्याकडे गवई पहाटे खर्जाचा रियाज करतात, तेव्हा ते घसा ताणत नाहीत. हळू आवाजात कान जागा होतो. लहान-मोठा आघात, सुराचा शेवट, दोन सुरांमधली शांतता, हे सारे तिथेच कळते. ज्याला हळू वाजवता येते, त्याला उद्या मंचावर मोठ्याने वाजवणे जड जात नाही. उलट्या वाटेने जाणाऱ्याची मात्र पंचाईत होते.

तेव्हा श्रोतेहो, वॅटचा आकडा आणि यंत्राचा डौल बाजूला ठेवा. तुमच्या घरात, रोज, ज्या आवाजात ते वाजणार आहे, त्याच आवाजात ते दुकानात ऐका. अर्थिंग तपासा. हेडफोनचा आवाज आवरा. आणि यंत्र घेतल्यावर मुलाला रोज एक ठरलेला तास द्या. त्या तासाला घरातल्या कोणी "बंद कर ते" असे म्हणायची वेळ आली नाही, म्हणजे निवड बरोबर झाली असे समजा.